तिजोरी आटली की आधी पैसे कोणत्या खर्चाला? 2020 चा जीआर आठवतोय का

4 मे 2020 चा राज्याचा जीआर परत वाचला. लॉकडाऊनमुळे जीएसटी, मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क सगळंच एकदम आटलं, म्हणून विकासकामांच्या खर्चाला 67 टक्के कात्री, नवीन कामं बंद, आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून नोकरभरती बंद. त्या वेळी आरोग्य, रेशन, मदत-पुनर्वसन यांना आधी पैसे देणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. पण पाणी, शाळा यांचं काय? उद्या पुन्हा अशी वेळ आली तर कुठल्या खात्याला किती हे ठरवायचं कसं?

हिशोबनीस: खातं बघून ठरवू नका, खर्च कशावर होतोय ते बघा. पगार, पेन्शन आणि व्याज यातच राज्याचे निम्म्याहून जास्त पैसे जातात, त्याला हात लावता येत नाही. मार्च 2020 चे पगार दोन टप्प्यात दिले तरी केवढी बोंब झाली होती. मग कात्री चालते ती उरलेल्यावर, म्हणजे दुरुस्ती, औषधं, डिझेल, कंत्राटदाराची बिलं यांच्यावर.

विदर्भातली सिस्टर: अगदी खरंय. आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) लस ठेवायचा आयएलआर म्हणजे खास फ्रिज आहे, लाइट गेली की जनरेटर लावायचा आणि जनरेटरला डिझेल लागतं, त्याचं बिल थकलं की पंपवाला उधारी बंद करतो. वरून आरोग्याला प्राधान्य म्हणतात पण डिझेलचे पैसे कुठल्या हेडमधून (बजेटमधल्या खर्चाच्या सदरातून) टाकायचे यावरच आठवडा जातो. नळयोजनेचंही तेच, बिल थकलं की वीज तोडतात आणि गावच्या बाया परत विहिरीवर.

अमोल_पुणे: भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हॉस्पिटलचं वायरिंग आणि फायर सेफ्टी याला विकासकाम म्हणून कापायच्या यादीत टाकूच नये, ते पगाराइतकंच पक्कं धरा. रस्त्याचं रुंदीकरण, नवीन इमारती, स्मारकं दोन वर्षं थांबली तर कोणाचा जीव जात नाही. खासदार निधी केंद्राने 2020-21 आणि 2021-22 साठी थांबवायचं ठरवलं होतंच की.

मूळ प्रश्नकर्ता: @सिस्टर तुमचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. डिझेल, वीजबिल, औषधं यांचे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच पीएचसी आणि ग्रामपंचायतीच्या खात्यावर टाकून ठेवले तर मधेच कात्री लागली तरी ते वाचतील का? ट्रेझरीत काम केलेलं कोणी असेल तर सांगा.