मदत हवी आहे: स्वतःच्या गाडीने किन्नौर–स्पिती–झंस्कार, सोबत ६७ वर्षांचे सासरे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

गणपती आटोपले की कराडहून निघायचं चाललंय. गाडी जिम्नी (पेट्रोल, मॅन्युअल). आम्ही चौघं: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासरे. सासऱ्यांना मधुमेह आणि बीपी आहे, दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. रोज कृष्णाकाठी चालून येतात आणि वाटेत नवऱ्याला दमवतात, त्यामुळे त्यांना घरी ठेवून जायची भाषा आमच्याकडे चालत नाही.

मनातला रस्ता असा: शिमला, कल्पा, नाको, काझा, कुंझुमची खिंड ओलांडून चंद्रताल, जिस्पा, दारचा, शिंकू ला ('ला' म्हणजे खिंड), पदुम, निम्मू, लेह. परतीचं तिथून ठरवू.

गोंधळ असा झालाय की नवऱ्याचा एक ग्रुप आहे, तिथे हे सगळं 'ओव्हरलँडिंग' (गाडीतच बिऱ्हाड घेऊन लांबची भटकंती) या नावाखाली चालतं. छतावरचा तंबू, स्नॉर्कल (पाण्यातून जाताना इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी), विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारी चरखी), पुढे लोखंडी गार्ड, छोटा फ्रिज. यादीची बेरीज केली तर प्रवासाच्या खर्चाच्या वर जाते. दुसरीकडे आमच्या शेजारचे दादा मागच्या वर्षी साध्या हॅचबॅकने स्पिती करून आले. मग ही मंडळी त्यातून नक्की काय मिळवतात, आणि आमच्यासारख्यांनी त्यातलं काय घ्यावं? तिकडे रस्ता शोधायचा कसा, पेट्रोलचं गणित कसं मांडायचं, मोबाईल बंद पडला तर काय करायचं, आणि सासऱ्यांचं काय, हे सगळं विचारायचंय. खरं सांगायचं तर शेवटचाच प्रश्न मोठा आहे.

सिंहगडी

वाचनखूण साठवली. जिम्नीत चौघं म्हणताय, तर मागच्या सीट उभ्या असताना डिकी २०८ लिटरची राहते. सासऱ्यांची एक बॅग आणि तुमचा लाडवांचा डबा, संपलं. फ्रिज ठेवणार कुठे?

घाटवळण

ताई, खरेदीच्या यादीतलं बहुतेक सगळं खोडा. पुढचा लोखंडी गार्ड म्हणजे बुलबार, त्यावर २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राची बंदी आहे. स्नॉर्कल वगैरे गाडीच्या मूळ घडणीतले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबत कडक भूमिका घेतली आहे. त्यातून उद्या विम्याचा दावा अडकला तर तो ग्रुप तुमच्या बाजूने भांडायला येणार नाही.

घ्यायचं ते हे: चांगल्या अवस्थेतले पाच टायर (पाचवा म्हणजे स्टेपनी, तीही तपासा), बारा व्होल्टचा हवेचा पंप, पंक्चर किट, ओढायचा पट्टा, फावडं. जिम्नीला लो रेंज (हळू पण जोरात ओढणारा जादा गिअर) आहे. काझ्याच्या पुढच्या दगडगोट्यांत तीच कामाला येते, विंचला दोर बांधायला तिथे झाडही सापडायचं नाही.

ही माणसं काय मिळवतात म्हणाल तर प्रत्येकाचं वेगळं. काहींना गाडी सजवण्यातच आनंद असतो, असू दे. मला स्वतःला हवं असतं ते म्हणजे संध्याकाळी कुठे पोचायचं याची सक्ती नसणं. तेवढ्यासाठी गाडीत चार दिवसांचा शिधा, पाणी आणि पांघरूण असलं की झालं. ट्रकवाले तेच करतात, केबिनमध्ये स्टोव्ह आणि वळकटी घेऊन. त्यांना कुणी ओव्हरलँडर म्हणत नाही.

आता पेट्रोल. जिम्नीची टाकी ४० लिटरची. हायवेवर ती देते तो आकडा विसरा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढाला लिटरला नऊ धरा, म्हणजे एका टाकीत ३६० कि.मी. जिस्पाच्या अलीकडे तांडी लागतं, तिथल्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी प्रसिद्ध पाटी आहे. ती सरचूमार्गे लेहच्या रस्त्याची, पण झंस्कारमार्गेही आकडा फारसा वेगळा नाही: दारचा ते निम्मू सुमारे २९८ कि.मी., त्यात तांडी ते दारचा आणि निम्मू ते लेह हे तुकडे जोडा. पदुमला पंप आहे, पण तो कोरडा असेल असं समजूनच निघा. दहा लिटरचा धातूचा कॅन घ्या. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पंपवाले भरून देत नाहीत, आणि बरोबरच करतात. त्याआधी रेकाँग पिओजवळ पोवारीला टाकी काठोकाठ भरायची, मग काझ्याला, मग तांडीला. यातला एकही पंप 'अर्धी आहे की अजून' म्हणून टाळायचा नाही.

आणखी एक. जिम्नीला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, तेवढीच इंजिनाची ताकद कमी. चौघं आणि छतावर सामान घेऊन शिंकू ला चढताना गाडी रुसली तर ती बिघडली असं समजू नका.

मनमौजी_नाशिक

स्नॉर्कलबद्दल असहमत. नाल्यांमधून जायचंय ना?

घाटवळण

@मनमौजी_नाशिक, नाला कधी ओलांडायचा यावर सगळं असतं. कुंझुम उतरल्यावरच्या ग्रांफू–बातल पट्ट्यातले नाले हिमनद्यांच्या पाण्याचे. रात्रीच्या थंडीत बर्फ वितळायचं थांबतं, सकाळी पाणी घोट्याएवढं असतं, आणि ऊन चढलं की दुपारी तोच नाला गुडघ्यावर येतो. सकाळी दहाच्या आत पार व्हायचं. उशीर झाला तर पुढची गाडी कशी जाते ते पाहायचं. ट्रक गेला म्हणून आपण जाऊ असं मात्र नाही, त्याची चाकं केवढी! बातलच्या ढाब्यावर मुक्काम करून सकाळची वाट पाहण्यात काही कमीपणा नाही.

मोगरा_वैद्य

मी डॉक्टर आहे, पण हा सल्ला म्हणजे तपासणी नव्हे. सासऱ्यांना निघण्याच्या महिनाभर आधी त्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी वगैरे करून घ्या आणि मार्ग उंचीच्या आकड्यांसकट दाखवा. नुसतं 'हिमाचलला जातोय' म्हणालात तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर सिमल्याचा मॉल रोड येईल.

साधारण नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरणं चालतं, धोका वर झोपण्यात असतो. तुमच्या आराखड्यात कल्पा (२९६० मी.) नंतर थेट नाको (३६६० मी.) आहे. तिथे सातशेची उडी बसते. नाको दुपारी बघा, तळ्याकाठी चहा घ्या आणि पुढे ताबोला (३२८० मी.) झोपा. रस्ता तोच, दोनेक तासांचा फरक, पण शरीराला मोठा दिलासा.

डायमॉक्स (उंची बाधू नये म्हणून घ्यायची गोळी) सुरू करायची की नाही हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. सल्फाची ॲलर्जी आहे का आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे दोन प्रश्न आवर्जून विचारा. ग्लुकोमीटर थंडीत आणि उंचीवर चुकीचे आकडे दाखवू शकतो, तो अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा. छोटे ऑक्सिजनचे डबे मिळतात ते काही मिनिटांचे सोबती, त्यांच्या भरवशावर पुढे चढू नका.

आता मुख्य मुद्दा. स्पितीत काही झालं तर काझ्याहून किन्नौरकडे उतरत जाता येतं, रस्ता लांबचा असला तरी नाकोचा चढ सोडला तर उताराचा आहे. झंस्कारचं तसं नाही. पदुम साडेतीन हजारांच्या वर, आणि निम्मूकडची नदीकाठची वाट सोडली तर तिथून बाहेर पडायची प्रत्येक वाट आधी चढते. शिंकू ला ५०९१ मीटर, कारगिलकडे पेन्सी ला ४४०० च्या आसपास, लिंगशेडकडूनही उंच खिंडीच. उंची बाधलेल्या माणसाला खाली न्यायचं हा एकमेव खरा उपाय, आणि तिथे खाली जाण्यासाठी बहुतेक वाटांनी आधी वर जावं लागतं. मधुमेह आणि बीपी असलेल्या ६७ वर्षांच्या माणसाला मी तिथे नेणार नाही. ते कृष्णाकाठी तुम्हाला कितीही मागे टाकोत. उंची चालण्याच्या दमावर बाधत किंवा सोडत नसते, चांगले गड चढणारेही आडवे होतात.

अबोली_के

+१ डॉक्टर. आणि लेकीकडेही लक्ष ठेवा. मुलं 'डोकं दुखतंय' म्हणत नाहीत, नुसती किरकिर करतात आणि जेवत नाहीत. ते कंटाळ्यावर ढकललं जातं.

नकाशेबाज

रस्ता शोधायच्या प्रश्नावर लिहितो, माझा आवडता विषय.

पहिलं म्हणजे जीपीएसला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवला तर निळा ठिपका दाखवतोच. गुगल मॅप्सचा ऑफलाइन भाग घ्याच, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड दोन वेगळ्या फोनवर घाला. त्यात समोच्च रेषा (उंची दाखवणाऱ्या) दिसतात, गुगलवर नसलेल्या पायवाटा आणि वस्त्या दिसतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे ओपन सीरीज नकाशेही त्यांच्या पोर्टलवरून मोफत उतरवता येतात. पण सीमाभागातला प्रत्येक नकाशा मिळेलच असं नाही.

दुसरं, ॲपने सांगितलेल्या वेळा फाडून टाका. काझा ते चंद्रतालचा पट्टा ॲपला किलोमीटरमध्ये दिसतो, तुम्हाला दगडांमध्ये दिसेल. तासाला वीस किलोमीटर धरून दिवस आखा. आणि रोज सकाळी एक वेळ ठरवा: 'दुपारी दोनपर्यंत अमुक ठिकाणी पोचलो नाही तर मागे वळायचं.' हे घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने ठरवा. संध्याकाळी दमलेला ड्रायव्हर वाद घालू लागतो, तेव्हा सकाळचा शब्द उपयोगी पडतो.

तिसरं, रस्ता उघडा आहे की बंद हे कोणताही नकाशा सांगत नाही. लाहौल-स्पिती जिल्हा प्रशासन आणि पोलिसांच्या सोशल मीडियावरच्या सूचना रोज बघा, आणि त्याहून जास्त म्हणजे समोरून आलेल्या गाडीवाल्याला थांबवून विचारा. सप्टेंबरअखेर म्हणजे सुरक्षित असंही समजू नका. २०१८ च्या सप्टेंबरात अचानक झालेल्या बर्फवृष्टीने लाहौल-स्पितीत शेकडो लोक अडकले होते, आणि २०२३ साली तर ऐन जुलैत चंद्रतालला अडीचशेहून जास्त पर्यटक अडकून पडले.

मोबाईल: लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. स्पितीत बीएसएनएल आणि जिओ, तेही गावांपुरतं. बातलच्या आसपास काहीच मिळणार नाही असं धरून चला. घरी एका माणसाकडे रोजचा मुक्काम लिहून द्या आणि 'अमुक तासांत फोन आला नाही तर ११२ ला कळव' हेही लिहून द्या.

एक कळकळीची सूचना: परदेशातल्या चुलतभावाकडून सॅटेलाइट मेसेंजर मागवू नका. परवान्याशिवाय असलं उपकरण बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. गार्मिन इनरीच बॅगेत सापडल्याने गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. दोन गाड्या असतील तर ४४६ मेगाहर्ट्झचे परवानामुक्त छोटे वॉकीटॉकी चालतात, पण त्यांचा पल्ला पुढच्या वळणापर्यंतच.

मनमौजी_नाशिक

सगळे घाबरवतायत बिचारीला. तंबू घ्या, नदीकाठी टाका, चांदणं बघा. त्याशिवाय मजा काय?

अबोली_के

नदीकाठी अजिबात नको, वर ढगफुटी झाली तर खाली चांदणं दिसत असतानाच पाणी येतं. आणि चंद्रताल हे २००५ पासून रामसर यादीतलं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं) पाणथळ आहे, तळ्याच्या काठावर तंबू ठोकू देत नाहीत. कॅम्प अलीकडे काही अंतरावर आहेत, तिथेच राहा. गाडी हिरवळीवर घालू नका. तिथलं गवत वर्षातले जेमतेम तीन-चार महिने वाढतं, चाकांच्या खुणा कित्येक वर्षं जात नाहीत. तंबूची हौस असेल तर गावात विचारून कुणाच्या तरी शेताच्या बांधाला टाका, पैसे द्या. माझं मत विचाराल तर होमस्टेच. रात्री चुलीशेजारी बसून जे कळतं ते चांदण्यात कळत नाही.

स्वयंपाक करणार असाल तर छोटा कुकर न्या. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ रात्रभर शिजत राहील. मेतकूट आणि भाजके पोहे जास्त घ्या. आणि साधी ब्युटेनची डबी पहाटेच्या थंडीत पेटत नाही, प्रोपेन मिसळलेली घ्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचला. बराच वेळ कुणी बोललं नाही, मग बाबाच म्हणाले, "काझ्यापर्यंत मी येतो, पुढचं तुम्ही बघा." पण त्यांना एकटं सोडून आम्ही पुढे जाणार नाही. तेव्हा झंस्कार आणि कुंझुम दोन्ही काढले. शिमला, कल्पा दोन रात्री, ताबो, काझा, आणि आल्या वाटेने परत. फ्रिज, गार्ड, स्नॉर्कल कटाप. नवऱ्याने छतावरच्या कॅरिअरसाठी तेवढं भांडून घेतलं.

दिवस वाचतायत तर काझ्याच्या आसपास बाबांना झेपेल असं काय करता येईल?

मोगरा_वैद्य

निर्णय आवडला. काझ्याला पोचल्यावर पहिला दिवस काहीच नाही, बाजारात फिरा. मग पिन खोऱ्यात मुद गावी जा. उंची जवळपास काझ्याएवढीच, त्यामुळे तिथे मुक्कामही चालेल. लांगझा, हिक्किम, कोमिक ही गावं ४४०० मीटर आणि त्याहून वर आहेत. सगळ्यांना बरं वाटत असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी जा, दुपारी काझ्याला परत. वर झोपायचं नाही.

घाटवळण

हिक्किमच्या पोस्टातून बाबांच्या मित्रांना पत्रं टाका. ती कराडला पोचायला तुमच्यापेक्षा जास्त दिवस घेतील. आणि रोख पैसे पिओलाच काढून ठेवा, काझ्याचं एटीएम चाललंच तर नशीब.

सिंहगडी

कॅरिअरवर सामान बांधताना जड काही वर ठेवू नका. जिम्नी उंच आणि अरुंद आहे, किन्नौरच्या वळणांवर डुलते. कॅन, पाणी, कुकर सगळं आत, खाली. वर फक्त झोपायच्या पिशव्या आणि कपडे, ताडपत्रीत गुंडाळून.