मदत हवी आहे : नववीच्या मिश्र वर्गात अपेक्षा सारखी कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोदा पट्ट्यातला नववीचा वर्ग आहे. घरी कुणी अहिराणी बोलतं, कुणी पावरी, कुणी भिली, कुणी गुजरी. दिवाळीनंतर काही मुलं आईवडिलांसोबत ऊसतोडीला गुजरातेत जातात, काही कापूस वेचणीत अडकतात.

सध्याची पद्धत अशी : प्रश्न विचारला की पाच सेकंद कुणीच हात वर करायचा नाही, मग चिठ्ठीतून नाव. "माहीत नाही" म्हटलं तरी सुटका नाही. दोघांची उत्तरं ऐकून त्याच मुलाने आपल्या शब्दांत सांगायचं, आधी घरच्या बोलीत चालेल, वहीत मात्र प्रमाण मराठीत. हे बऱ्यापैकी चालतं. चौघांचे गट मात्र फसतात, कारण हुशार पोरगं सगळं लिहून टाकतं आणि बाकीचे पेन फिरवत बसतात. कामं वाटून दिली तर "वेळ बघणारा" हे आळशांचं आवडतं पद होतं!

अडलंय ते इथे :

१. पावरी उच्चारावर कुणी हसलं, तर जागेवर टोकायचं की तासानंतर एकट्याला गाठायचं? सगळ्यांसमोर टोकलं की चौदा-पंधराचं पोरगं इरेला पेटतं. गप्प बसलं तर बोलणारी मुलगी पुन्हा तोंड उघडत नाही.

२. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतलेल्यांना सोपी प्रश्नपत्रिका द्यायची नाहीये. मग बीजगणितातले कोणते घटक आधी भरून काढता, आणि किती तासांत?

आश्रमशाळेतल्या सरमॅडमनी जरूर सांगा. "प्रेमाने समजवा" एवढंच नको, नेमकं वाक्य काय वापरता ते लिहा.