डिस्चार्ज बुकात राहिलेली मेडलं: आता अर्ज करण्यात अर्थ आहे का?

कृष्णाकाठचा (धागाकर्ता, सातारा)

आमचे आण्णा १९६३ ला भरती झाले आणि १९७९ ला हवालदार म्हणून पेन्शन आले. मराठा पलटण. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडं होते. आता वय ऐंशीच्या पुढं. कान गेले, गुडघे गेले, पण रोजची दाढी कधी चुकत नाही.

गेल्या १६ डिसेंबरला तालुक्याला एकाहत्तरच्या जवानांचा सत्कार होता. यादी डिस्चार्ज बुकं (फौजेतून सुटताना मिळतं ते नोंदींचं बुक) बघून केलेली. आण्णांच्या बुकात मेडलच्या पानावर दोनच नोंदी: सैन्य सेवा मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. एकाहत्तरच्या लढाईची पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल दोन्ही घरात आहेत, त्यांवर नंबर आणि नाव कोरलेलं आहे. पण पानावर नाहीत. लढाई संपल्यावर त्यांची बदली बेळगावला सेंटरवर उस्ताद म्हणून झाली, मेडलं यायला वेळ लागला, आणि ती आली तेव्हा आण्णा घरी बसून शेती करत होते. पार्सल आलं, आईनं देवापुढं ठेवलं, मग ट्रंकेत गेलं.

टेबलावरचा मुलगा पान उलटून म्हणाला, "आजोबा, यात एकाहत्तरचं काही दिसत नाही." आण्णा दोन्ही मेडलं कोटाला लावूनच त्याच्यासमोर उभे होते.

शाल-नारळ मिळाला नंतर, ओळखीवर. तो प्रश्न नाही. मी म्हणतो की रेकॉर्ड ऑफिसला (जवानांचे कागद ठेवतात तिथं) अर्ज करून नोंद घालून घ्यायची. थोरला भाऊ म्हणतो, या वयात म्हाताऱ्याला कागदाच्या मागं पळवू नको. तुम्हाला काय वाटतं?

डोंगरची_वाट

तुमच्या भावाशी सहमत. राग मानू नका.

पूर्वी स्टार हे शौर्यपदक नाही. त्या आघाडीवर जे होते त्या सगळ्यांना ते मिळालं. त्याच्यावर पैसा नाही. सेना मेडल शौर्यासाठी मिळालं असतं तर महिन्याला २,००० रुपये भत्ता आहे, वीरचक्राला ७,००० आहे, तिथं नोंद नसेल तर जरूर भांडा. इथं नोंद झाली काय न झाली काय, पेन्शनमध्ये एक पैसा हलणार नाही.

आणि दुसरी बाजू बघा. याच रेकॉर्ड ऑफिसांत विधवा बायकांचे कागद पडून आहेत. नवऱ्याच्या बुकात नाव 'सुमन', आधारवर 'सुमनबाई', म्हणून फॅमिली पेन्शन अडकलेली. माझ्या चुलतीला अडीच वर्षं लागली. त्या टेबलावरच्या बाबूचा एक तास तुमच्या आण्णांच्या मेडलला गेला तर तो कुणाच्या तरी भाकरीतून जातो.

चंदूरबोरगाव

+१ डोंगरची_वाट. ट्रंकेतली मेडलं फ्रेम करा, भिंतीला लावा, नातवंडं बघतील.

अपशिंगेकर

भिंतीला लावा म्हणे!

मी अपशिंगे मिलिटरीचा. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण गेले ते परत आले नाहीत, हा आकडा आमच्याकडं पोरासोरांना पाठ आहे. आता माझ्या घरचं सांगतो. त्या लढाईत माझ्या पणजोबांचा भाऊ होता असं आजी सांगायची. कुठल्या पलटणीत होता, कुठं गेला, फ्रान्सला का मेसोपोटेमियाला, काही माहीत नाही. एक पितळी बिल्ला होता, तो एका काकानं मोडीत दिला. दिला म्हणजे दिलाच, तांब्याच्या भावात. बिल्ला मोडीत जातो, कागद मोडीत गेला तरी त्याची नक्कल ऑफिसात असते. अर्ज करा.

निवृत्त_हेडक्लार्क

बत्तीस वर्षं फौजेत क्लार्की केली, त्यातली बरीच रेकॉर्डमध्ये. म्हणून थोडं लांब लिहितो.

पहिली गोष्ट. डिस्चार्ज बुकात कोणी प्रेमानं पेनानं लिहून देतो म्हणाला तर लिहू देऊ नका. पुण्याईच्या नावाखाली असं करणारे मी बघितलेत. शिक्क्याशिवायची एक ओळ सापडली की अख्खं बुक संशयात येतं, मग ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना) कार्डापासून सगळीकडं प्रश्न.

दुसरी. डिस्चार्ज बुक ही नक्कल आहे. खरा माणूस शीट रोलमध्ये, म्हणजे रेकॉर्डमधल्या त्याच्या मूळ नोंदपत्रकात असतो, आणि शीट रोलमध्ये नोंद येते ती पार्ट टू ऑर्डरवरून, म्हणजे युनिटच्या लेखी हुकुमावरून. युनिटनं ऑर्डर काढली, रेकॉर्डला पोचली, शीट रोलवर चढली, मग ती बुकात. तुमच्या आण्णांच्या बाबतीत साखळी कुठं तुटली ते आधी बघा. मला वाटतं ऑर्डर निघालेली आहे, कारण मेडल रेकॉर्डकडूनच घरी आलंय ना? ते मनानं कोणी पाठवत नाही. तेव्हा शीट रोलवर नोंद असण्याची शक्यता बरीच आहे, फक्त बुक आधीच हातात दिल्यामुळं बुकात नाही. असं असेल तर काम सोपं.

तिसरी, आणि इथं मी डोंगरची_वाट यांच्या बाजूला थोडा सरकतो. "मी तिथं होतो, मला मेडल लावा" असे अर्ज ढिगानं येतात. कारगिलनंतर तर बघायलाच नको. ऑपरेशन विजयचा स्टार ठरलेल्या भागात असणाऱ्यांना, पण त्या उन्हाळ्यात जम्मूपर्यंत रेल्वेनं गेलेला प्रत्येक जण म्हणतो मला पाहिजे. बाजारात मेडलं विकत मिळतात, फितीसकट. नोंद हा एकच चाळणीचा दगड आहे. तो सैल केला तर तुमच्या आण्णांच्या मेडलची किंमत तुम्हीच घालवाल. म्हणून "घालून द्या" असा अर्ज करू नका. "शीट रोल तपासून दुरुस्ती करावी" असा करा.

कृष्णाकाठचा

हेडक्लार्क साहेब, हे आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. चाळणीला दगड नसतो, पण मुद्दा पोचला 🙂

निवृत्त_हेडक्लार्क

फौजेतलं मराठी आहे, सांभाळून घ्या.

न्यूजर्सी_वाईकर

मूळचा वाईचा, इकडं शेजारी व्हिएतनामचा माजी सैनिक आहे, म्हणून माहिती. अमेरिकेत सुटताना डीडी २१४ नावाचा एक कागद मिळतो, आपल्या डिस्चार्ज बुकाचा भाऊ. त्यात मेडल राहिलं तर मूळ कागद बदलत नाहीत, डीडी २१५ नावाची दुरुस्तीची पुरवणी जोडून देतात. शेजाऱ्याला ती पन्नास वर्षांनी मिळाली. तिथं १९७३ च्या जुलैत सेंट लुईसच्या रेकॉर्ड इमारतीला आग लागली, १९१२ ते १९६० मध्ये सुटलेल्या आर्मीवाल्यांचे जवळपास ८० टक्के कागद जळाले. तरी लोक जुन्या पगारपत्रकांवरून, दवाखान्याच्या नोंदींवरून दुरुस्ती मागतात आणि मिळते. आपल्याकडं का नको?

डोंगरची_वाट

वाईकर, तिथं मोहिमेच्या मेडलवर सरकारी नोकरीत पाच गुणांची सवलत असते. म्हणजे त्या कागदाला पोट आहे. आपल्याकडं या मेडलला नुसती छाती आहे.

पेठनाका

छाती म्हणजे काहीच नाही का हो?

आमच्या वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. ईएमईचा, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती विभागाचा जवान. १९६५ ला गोळ्या लागून शरीर लुळं पडलं. १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण घेतलं, पॅरालिम्पिकमध्ये देशाचं पहिलं. पद्मश्री कधी? २०१८. शेहेचाळीस वर्षांनी. त्या माणसानं पण म्हणावं होतं का, की आता काय उपयोग, राहू दे?

डोंगरची_वाट

पेटकरांचं उदाहरण इथं बसत नाही. त्यांनी जगात पहिला नंबर काढला. आण्णा लाखभर जवानांतले एक. मी आण्णांना लहान करत नाही, पण दोन्ही एका तागडीत घालू नका.

पेठनाका

लाखातला एक होता म्हणूनच कागद पाहिजे. पेटकरांना कागद नसता तरी जगानं ओळखलं असतं. आण्णांना कोण ओळखणार, तो टेबलावरचा पोरगा?

माहेर_तासगाव

मी फौजीची बायको. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. डोंगरची_वाट म्हणतात ते माझ्याच अंगावर गेलंय: बुकात माझी जन्मतारीख चुकलेली, ती दुरुस्त होईपर्यंत मी दागिने ठेवून दिवस काढले. पण मला हे पटत नाही की आण्णांचा अर्ज माझ्या आड येतो. तीच सवय आहे ना दोन्हीकडं. जवान असताना पान कोणी वाचत नाही, सही कर म्हटलं की करतो. आमच्या ह्यांनी घरी आणलेलं बुक मी पहिल्यांदा उघडलं ते ते गेल्यावर. तेव्हा जे अजून नोकरीत आहेत त्यांनी हे वाचत असाल तर पुढच्या सुट्टीत बायकोला बुक दाखवा, आणि पेन्शन झाल्यावर पीपीओ (पेन्शनचा हुकूम) पण. मेडलपासून पोरांच्या जन्मतारखांपर्यंत. आण्णांनी अर्ज करावाच. आणि लवकर.

डोंगरची_वाट

ताई, तुमच्यापुढं मी गप्प. अर्जाला माझा विरोध नाही असं समजा. रांगेत मात्र तुमच्या मागं असावा, एवढं माझं म्हणणं अजून आहे.

चंदूरबोरगाव

लवकर कशासाठी? कागद कुठं पळून चाललेत?

निवृत्त_हेडक्लार्क

पळत नाहीत, जाळले जातात. पेन्शन न घेता सुटलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात. आण्णा पेन्शनर आहेत, त्यामुळं त्यांचे बहुधा सापडतील. पण जुना कागद हाताळून हाताळून फाटतो, शाई उडते. शिवाय जवान हयात असताना त्याच्या स्वतःच्या सहीचा अर्ज आणि नंतर वारसानं केलेला अर्ज, यांत फार फरक पडतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा, म्हणजे जावक क्रमांक राहतो. सोबत बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, पीपीओची प्रत, मेडलचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो. कडेवरची अक्षरं वाचता आली पाहिजेत, म्हणून ब्रासो लावून घासू नका! अर्धी मेडलं घरच्या बायकांनी दिवाळीला घासून गुळगुळीत केलेली असतात.

माहेर_तासगाव

आम्ही घासतो, कारण तुम्ही बघत पण नाही 🙂

अपशिंगेकर

तिकडून "नोंद आढळत नाही" आलं तर?

निवृत्त_हेडक्लार्क

तर कुठल्या ऑर्डरच्या आधारे मेडल पाठवलं, ते विचारायचं. माहिती अधिकारात शीट रोलची नक्कल मागायची. फौजेचं ट्रायब्युनल (न्यायाधिकरण) आहे, मुंबईला, पण या कामासाठी तिथवर जाऊ नये असं माझं मत. वकिलाच्या फीमध्ये आण्णांचं वर्षाचं औषध येईल.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे आभार, भांडणाऱ्यांचे पण. काल रात्री थोरल्या भावाला धागा वाचून दाखवला. तो माहेर_तासगाव ताईंपर्यंत आला आणि उठून आईचं नाव बुकात काय आहे ते बघून आला. बरोबर आहे. जन्मसाल मात्र चार वर्षांनी चुकलंय! त्यामुळं आता दोन अर्ज आहेत, आणि आईचा वर आहे. डोंगरची_वाट, तुमची रांग पाळली.

मेडलांचे फोटो आज दुपारी ओसरीवर उन्हात काढले. संग्राम मेडलच्या कडेवरचा नंबर स्पष्ट आला, पूर्वी स्टारचा मागून काढावा लागला. आण्णांनी अर्जावर सही केली. त्याखाली सात आकडी नंबर न बघता, न थांबता लिहिला. मग पेन तसाच धरून मला विचारलं, "आज तारीख किती रे?"