एक्सपी भंगारात घालू नका, नेट तेवढं काढा

'एक्सपीवर नवं ऑफिस बसत नाही, मशीन भंगारात घालू काय?' असं तुम्ही विचारलंय; एक्सपी म्हणजे मायक्रोसॉफ्टची जुनी विंडोज. थांबा जरा. माझं खानापुरात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून द्यायचं दुकान आहे, कोपऱ्यात एक एक्सपी अजून चालू आहे. कारण जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे जो लावल्याशिवाय ते चालतच नाही तो ठोकळा (डोंगल). प्रिंटरच्या जाड पोर्टात बसणारा तो ठोकळा नव्या मशीनला लावायला जागाच नाही! आणि वीस वर्षांच्या लग्नपत्रिका त्याच फाँटात. दुसरीकडे उघडल्या की 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. कन्नड मजकुराचंही तेच, नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटातली फाइल तो फाँट घातल्याशिवाय वाचता येत नाही. इकडे दोन्ही भाषांचं काम, म्हणजे डोकेदुखीही डबल.

आता तुमचं. एक्सपीवर एमएस ऑफिस 2010 च्या पुढचं बसत नाही, त्यालाही सर्व्हिस पॅक 3 (एक्सपीचा शेवटचा मोठा अपडेट) लागतो. फुकटात हवं तर लिबरऑफिस 5.4 घ्या; 6.0 पासून किमान विंडोज 7 लागतं. त्यात डॉक्सएक्स, म्हणजे नव्या वर्डची फाइल उघडते, पण कधीकधी तक्ते हलतात. गिऱ्हाइकाला पीडीएफच द्या.

एक्सपीचे नेहमीचे सुरक्षा अपडेट एप्रिल 2014 मध्येच बंद झालेत, तेव्हा नेटची वायर काढूनच ठेवा. माझ्याकडे त्या मशीनचा वेगळा पेन ड्राइव्ह आहे, लाल दोरा बांधलेला. व्हायरस नको म्हणून गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह त्या मशीनला लावू देत नाही, कितीही घाई असू दे.

रॅम किती आहे तुमच्याकडे?