उन्हाच्या ताणात गव्हाचं प्रकाशसंश्लेषण निम्मं, पण एफव्ही/एफएम ठीक. बिघाड कुठे?

प्रश्न:
फुलोऱ्यातला कुंडीतला गहू ३८ अंश सेल्सिअसला चार तास ठेवला, पाणी भरपूर होतं. निव्वळ प्रकाशसंश्लेषण २५ अंशांच्या रोपांच्या निम्म्यावर आलं. एफव्ही/एफएम (अंधारात ठेवलेल्या पानाच्या हरितद्रव्याच्या प्रदीप्तीवरून काढलेलं गुणोत्तर) मात्र ०.८० च्या खाली नाही. पर्णरंध्रं मिटली असं समजायचं का?

उत्तर १:
एफव्ही/एफएम फक्त पीएस-२, म्हणजे प्रकाश पकडणारी प्रकाशप्रणाली-२, शाबूत आहे का एवढंच सांगतं. ते साधारण ४० अंशांपुढे घसरू लागतं. त्याच्या बरंच आधी रुबिस्को अ‍ॅक्टिव्हेज ढेपाळतं. रुबिस्को, म्हणजे सीओ२ पकडून साखरेच्या वाटेला लावणारं विकर, स्वतः चिवट आहे, पण त्याच्या सक्रिय जागेत अडकणारे शर्करा-फॉस्फेट काढून टाकणारं हे प्रथिन उष्णतेला फार नाजूक. ते बसलं की रुबिस्को भरपूर असूनही निष्क्रिय. सीआय, म्हणजे पानाच्या आतला सीओ२, बघा. घटला असेल तर रंध्रं. तेवढाच राहिला किंवा वाढला असेल तर बिघाड आत आहे.

उत्तर २:
दोन्हीकडे आर्द्रता ५० टक्केच ठेवली होती का? मग व्हीपीडी, म्हणजे हवेला संपृक्त व्हायला कमी पडणारा बाष्पदाब, २५ अंशांना १.६ किलोपास्कल आणि ३८ ला ३.३. दुपटीहून जास्त! एवढ्या कोरड्या हवेत रंध्रं आखडतातच, आणि आपण खापर उष्णतेवर फोडतो. ३८ अंशांना आर्द्रता ७६ टक्क्यांच्या आसपास न्या. शिवाय हवेचं नाही, पानाचं तापमान नोंदवा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पानाच्या खालच्या बाजूला नीट टेकलेला हवा.

प्रश्नकर्ता:
सीआय वाढलेला दिसतोय. आता यात प्रकाशश्वसनाचा (रुबिस्कोने सीओ२ऐवजी ऑक्सिजन पकडल्यामुळे होणाऱ्या गळतीचा) वाटा किती, हे वेगळं कसं काढू?

उत्तर ३:
दोन्ही गटांची पानं २ टक्के ऑक्सिजनमध्ये पुन्हा मोजा. तापमान वाढलं की सीओ२ची विद्राव्यता ऑक्सिजनपेक्षा जास्त घटते आणि रुबिस्कोही ऑक्सिजनकडे अधिक वळतं. कमी ऑक्सिजनमध्ये ही गळती जवळजवळ थांबते. तरीही जी तूट उरेल ती मुख्यतः अ‍ॅक्टिव्हेजची. सीओ२ मोजणाऱ्या वायू-विश्लेषकात ऑक्सिजनची सेटिंग बदलायला विसरू नका, नाहीतर सीओ२चं रीडिंगच चुकतं. अंधारातलं श्वसनही त्याच पानावर मोजा, तेही उष्णतेत वाढलेलं असतं.

मग रोपं २५ अंशांना परत आणून तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी मोजा. काही तासांत सावरली तर अ‍ॅक्टिव्हेज. दुसऱ्या दिवशीही दर पडलेलाच असेल, तर थायलकॉइड पटलांना (हरितलवकातल्या, पीएस-२ जिथे असतं त्या पटलांना) इजा झाल्याची शंका घ्यावी.