गाडी बंद, किल्ली हातात, तरी दिवे चालू! तुमचे अनुभव सांगा

काल रात्री साडेबाराला वॉचमनने बेल मारली. "साहेब, गाडीचे दिवे चालू राहिलेत." बर्म्युड्यावरच खाली गेलो. स्विच बंद, किल्ली माझ्या हातात आणि मागचे दोन्ही लाल दिवे ढणाढणा जळताहेत. म्हणजे पार्किंग लाइट अडकले. स्विच चारदा फिरवला, बोनेटवर दोन चापट्या मारल्या (का ते विचारू नका). शेवटी १० नंबरचा पाना आणून बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि झोपलो. गाडी २००९ची, मुलुंडला, उघड्यावर उभी असते. तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय निघालं?

बोरिवलीकर
हसू नका. भावाच्या फोक्सवॅगनचे फक्त डावीकडचे दिवे लागायचे, पुढचा आणि मागचा. दोनदा बॅटरी उतरली, दोनदा जंपर लावला. मेकॅनिक आला, त्याने इंडिकेटरची दांडी सरळ केली, दिवे गेले! किल्ली काढल्यावर दांडी कलती राहिली तर त्या बाजूचे पार्किंग लाइट लागतात. अरुंद गल्लीत रात्री उभ्या गाडीला कुणी ठोकू नये म्हणून केलेली सोय आहे ती. पुस्तिकेत लिहिलेलं असतं म्हणे. आमची पुस्तिका अजून पिशवीतच.

पाना पक्कड
माझं पाप माझंच. कुर्ल्याला सीएसटी रोडवर फॉगलॅम्प बसवून घेतले, ५५ वॅटचे दोन. बसवणाऱ्याने वायर सरळ पार्किंगच्या लाइनवरून उचलली. फ्यूज उडायला लागला तर मी शहाण्याने मोठा फ्यूज घातला. महिन्याभरात रिलेचे (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्यांचा करंट जोडणारी-तोडणारी छोटी डबी) पॉइंट चिकटले, स्विच बंद केला तरी दिवे चालूच. रिलेवर स्क्रूड्रायव्हरची मूठ हळूच आपटली, 'टक' आवाज आला आणि दिवे विझले. तेव्हा कळलं. नवीन रिले स्वस्तात आला, पण आतली वायर काळी पडली होती ती बदलण्यात अख्खा रविवार गेला.

परळचा पाऊस
हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली. दोन दिवस काही नाही, तिसऱ्या पहाटे दिवे आपोआप लागलेले. डॅशबोर्डाखालचा फ्यूजबॉक्स ओला, कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर. घासून, सुकवून चाललं, पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. शेवटी तो भाग बदलला.

चाळकरी
उंदीर. वायरचं वेष्टन कुरतडलेलं. गिरगावात आणखी काय निघणार?

लालबागचा वायरमन
धागाकर्ते, एक सांगा. पुढचे दिवे लागले होते का? नंबरप्लेटचा? मीटरमागचा उजेड? पार्किंग अडकले तर हे सगळे लागतात. फक्त मागचे असतील तर ते पार्किंग नव्हेत, ब्रेकलाइट आहेत. बऱ्याच गाड्यांत मागे एकाच बल्बात दोन तारा असतात, पार्किंगची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ची. पेडलजवळ उकिडवे बसा आणि खाली काय पडलंय बघा.
आणि हो, २१चे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर दहा तास टिकेल. जुनी असेल तर सकाळपर्यंतही नाही. निगेटिव्ह काढलीत ते बरं केलंत.

धागाकर्ता
आत्ताच खाली जाऊन आलो. निगेटिव्ह जोडली, मागचे लगेच लागले. पुढचे बंद, नंबरप्लेटचा बंद. काचेतला तिसरा ब्रेकलाइट कधीचाच गेलाय, नाहीतर रात्रीच कळलं असतं. पायाखालच्या मॅटवर पिवळट प्लास्टिकचा चुरा होता, शेंगदाण्याच्या फोलपटांसारखा. ब्रेक पेडलच्या भोकात बसून ब्रेकलाइटचा स्विच दाबून धरणारं बोटाच्या पेराएवढं बटण तुटून पडलंय, म्हणून स्विचचा दट्ट्या भोकातून बाहेर येतो आणि गाडीला वाटतं मी ब्रेक दाबून बसलोय. तात्पुरता त्या भोकात नट-बोल्ट आवळलाय. दिवे विझले. वॉचमन विचारतोय, "झालं का साहेब?"