रेटिंग 5 असलं म्हणून काय?
इथे अमेरिकेत घर कुठल्या शाळेच्या हद्दीत येतं ते बघून लोक घर घेतात, आणि शाळांना वेबसाइटवर मिळणारं रेटिंग बघून म्हणतात, "रेटिंग 10 पैकी 5, त्या मिडल स्कूलच्या हद्दीत घर नकोच". हे काही पटलं नाही. कॅलिफोर्नियात सहावी ते आठवीच्या राज्य परीक्षेचे निकाल गटवारही मिळतात: गरीब घरची मुलं, इंग्रजी शिकत असलेली, वंशानुसार वगैरे. नुसती सरासरी काय बघता? आमच्या शाळेत निम्मी मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली, सरासरी बेताचीच. पण लेकीच्या गणिताच्या बाई जेवणाच्या सुट्टीत डबा खात खात अडलेल्यांना अपूर्णांक समजावत बसायच्या. हे कुठल्या रेटिंगात धरतात? आणि एक गंमत म्हणजे, इंग्रजी नीट यायला लागलं की मूल "इंग्रजी शिकणारे" या गटातून बाहेर काढतात. मग त्या गटाचा निकाल कमीच दिसणार ना!